मागे सरकायला जागाच नव्हती

"फोनच्या कॅमेऱ्यात ०.५ वाइड आहे की! मग ही जुनाट, हातानं फोकस करायची लेन्स कशाला?" लोकलमध्ये, लग्नात, ऑफिसात डबा खाताना विचारून झालंय. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

आयफोनची ०.५ म्हणजे १३ मिमी; आकडा जितका लहान, तितकं फोटोत जास्त मावतं. माझी निकॉन २० मिमी. म्हणजे पदरचे पैसे घालून मी कमीच रुंद काच घेतली. मान्य.

पण आमची खोली वरळीच्या बीडीडी चाळीतली, १६० चौरस फूट. ५० मिमीच्या लेन्समध्ये एकतर कपाट यायचं, नाहीतर आई. मागे सरकावं तर पाठ भिंतीला. चाळ पाडायचं नक्की झालं तेव्हा जूनमध्ये फोर्टातल्या एका दुकानातून ही उचलली. रिंग लोण्यासारखी फिरत होती, तिथेच भाळलो. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, पूर्ण उघडून मागून टॉर्च मारून काच आतून साफ आहे का ते बघावं, हे मीच इतरांना शिकवायचो. स्वतः ट्यूबलाइटकडे धरली आणि पैसे दिले.

ऑगस्टमध्ये, चावी द्यायच्या आदल्या सकाळी, माझा रोलचा कॅमेरा, निकॉन एफएम-टू, कपाटावर टेकवला. अ‍ॅपर्चर बारीक करून एफ ११ वर, फोकसची रिंग सव्वा मीटरच्या जराशी अलीकडे. साठेक सेंटिमीटरपासून पार खिडकीबाहेरपर्यंत सगळं फोकसमध्ये. उजेड कमी, म्हणून अर्धा सेकंद. आई खिडकीपाशी तांदूळ निवडत होती. "हलू नकोस" म्हटलं तर श्वासच रोखून बसली. ताटावरचा हात तसाच. "झालं का रे?" "अजून एक." असे सहा.

रोल आठवड्यानं धुऊन आला. सहाही फ्रेमवर दुधावर धरते तशी साय. ताट दिसतंय, हात दिसतोय, चेहरा पांढुरका. तेव्हा टॉर्च मारली. आतल्या काचेवर कोळिष्टकासारखी बुरशी; खिडकीचा उजेड तिच्यावर पसरलेला. खोलीला तोवर कुलूप.

दुकानदारानं गळ्यात मारली, असं मी वर्षभर सांगत फिरलो. पण तीन महिने ती माझ्याच कपाटात होती, चामड्याच्या डबीत, मुंबईच्या पावसाळ्यात. सिलिका जेलची पुडीसुद्धा टाकली नव्हती. बुरशी त्याची की माझी? कधी त्याची वाटते, कधी माझी.

धाकट्यानं त्याच सकाळी फोनवर एक काढला होता. भिंतीवर तोच आहे.

लेन्स साफ करून घेतली. बुरशीनं काचेवरचं कोटिंग खाल्लेला डाग राहिलाय. विक म्हणतात, विकत नाही. का, ते मलाही धड सांगता येत नाही. नव्या घरात ५०० चौरस फूट आहेत, ५० मिमीत आई आरामात मावते. तरी परवा २० लावून एक काढलाच. रोल अजून कॅमेऱ्यातच आहे.