झऱ्याने ठरवलेली पाहुण्यांची संख्या

डोंगराळ गावांतील लोकांनी स्वतः चालवलेल्या होमस्टे समित्यांना हिशेब, नियम आणि नियोजन यांत मदत करणे हे माझे काम आहे. त्यातला बराचसा वेळ शोषखड्डे तपासण्यात, घराघरांतले रुसवेफुगवे काढण्यात आणि पाळीची वही पाहण्यात जातो. कोणता पाहुणा कोणाकडे उतरेल हे एजंटाच्या ओळखीवर सोडले, तर रस्त्याकडेची पक्की घरे कायम भरलेली राहतात आणि वरच्या आळीच्या वाट्याला फक्त गर्दी व कचरा येतो. म्हणून नोंदणी झालेल्या घरांची नावे क्रमाने लिहिली जातात, पाहुणा आला की वरचे नाव शेवटी जाते आणि मिळालेल्या पैशांतला ठरलेला हिस्सा गावाच्या निधीत जमा होतो. लडाखमध्ये हिमबिबट्यांच्या अधिवासातील गावांनीही होमस्टेसाठी पाळीचीच पद्धत स्वीकारली, कारण उत्पन्न मोजक्या घरांत अडकले की वन्यजीव राखण्यात बाकीच्यांना काही स्वारस्य उरत नाही.

ज्या दिवसाबद्दल लिहीत आहे, तो ऐन उन्हाळ्यातला होता. एका एजंटाने ६० जणांचा गट दोन रात्रींसाठी आणण्याची तयारी दाखवली होती आणि आगाऊ रक्कम द्यायलाही तो तयार होता. समितीचे तरुण सचिव अतिशय उत्साहात होते. त्यांनी कोणत्या घरात किती अंथरुणे मावतील याचा तक्ता केला होता आणि तो काटेकोर होता. बैठकीत सगळे त्या तक्त्यावर बोलत असताना मागे बसलेल्या एका वयस्कर मावशींनी विचारले, “अंथरुणं मोजलीत, झरा कोणी मोजला का?” पाळीच्या वहीत त्या दिवशी सर्वात वर नाव होते ते त्यांचेच, हे मला नंतर वही उघडल्यावर कळले.

झरा मोजणे अवघड नाही, पण ते नीट करावे लागते. दुसऱ्या दिवशी पहाटे, कोणी पाणी भरायला येण्यापूर्वी, आम्ही कुंडाच्या तोंडाशी पाइप बसवला, आजूबाजूने झिरपणारे पाणी चिखलाने लिंपून बंद केले आणि १० लिटरची खूण असलेली बादली धारेखाली धरली. पावसाळ्यानंतर हीच बादली बघता बघता भरून वाहते. त्या पहाटे ती भरायला ९० सेकंद लागले. खात्रीसाठी तीनदा मोजले. फरक पडला नाही. म्हणजे दिवसाला ९,६०० लिटर. गावातील १५० माणसांना प्रत्येकी ४० लिटर धरले तर ६,००० लिटर जातात, गुरांसाठी २,४०० लिटर, आणि उरतात १,२००. शॉवर आणि फ्लशची सवय असलेल्या पाहुण्यामागे दिवसाला १०० लिटर सहज खर्च होतात. म्हणजे गावाला पाहुणे झेपणार होते १२.

सचिवांनी हा हिशेब स्वतः पुन्हा करून पाहिला आणि तक्ता घडी घालून खिशात ठेवला. मैदानी भागातली माणसे उकाड्याला कंटाळून डोंगराकडे धावतात तेव्हाच झऱ्याची धार सर्वात बारीक असते; या धंद्यातली मुख्य अडचण हीच आहे. नेपाळमध्ये १९८६ मध्ये अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पाहुण्यांचा स्वयंपाक आणि अंघोळीचे पाणी यांसाठी जळणाऱ्या लाकडाची मोठी चिंता होती. काय आधी संपेल हे प्रत्येक गावी वेगळे असते, म्हणून पाहुण्यांची मर्यादा त्या त्या गावातच ठरायला हवी. आमच्या क्षेत्रातील प्रशिक्षक खोली कशी सजवावी हे दिवसच्या दिवस शिकवतात, पण धार मोजायला कोणी शिकवत नाही, याचा मला मनापासून राग येतो. निधी देणाऱ्या कार्यालयाच्या अहवालात खाटा किती आणि पाहुणे किती हे दोन रकाने आहेत, पाण्याचा रकानाच नाही. त्यामुळे गटाला नकार देणारे गाव कागदावर अपयशी दिसते.

गावाने एकमताने नकार कळवला. १२ जणच पाठवा, असे सचिवांनी फोनवर सुचवले. एजंटाने ते मान्य केले नाही आणि गट दुसरीकडे नेला. मावशींची पाळी वहीत वरच राहिली, पण त्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे कोणीही आले नाही. गावाचे पाणी ज्यांच्या एका प्रश्नामुळे वाचले, त्यांचेच त्या हंगामाचे उत्पन्न बुडाले. त्यांनी तक्रार केली नाही. मात्र छप्पर पावसाआधी शाकारायचे होते ते राहिले, हे त्यांच्या सुनेने मला सांगितले.

तेव्हापासून मी नियमांची वही पुन्हा पुन्हा चाळते आहे. पाण्याच्या मर्यादेमुळे ज्या घराची पाळी हुकेल, त्याला निधीतून काही रक्कम द्यावी, असे मी सुचवले आहे. सचिवांचा त्याला विरोध आहे. हा निधी झऱ्याच्या वरच्या उतारावर चर खोदून पाणी जिरवण्यासाठी राखला आहे; तो घराघरांत वाटला तर पुढच्या उन्हाळ्यात धार आणखी बारीक होईल आणि पाळी हुकणारी घरे वाढतील, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे खोडून काढता येईल असा मुद्दा मला अजून सापडलेला नाही, आणि मावशींना काहीच मिळू नये हेही मला पटत नाही. पावसाळ्यानंतरच्या बैठकीत हा विषय पहिला ठेवला आहे.