परत थायलंडच?

"परत थायलंड? काय ठेवलंय तिकडे एवढं?" हे इतक्या जणांनी विचारलंय (त्यातल्या निम्म्यांनी नवऱ्याकडे बघून डोळा मारत, पट्टाया पट्टाया करत, जे आम्ही अजून बघितलंही नाहीये) की आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच सांगून टाकते.

यंदाची पाचवी खेप. पहिल्यांदा गेले तेव्हा सगळ्यांसारखंच, देवळं, मार्केट, फोटो आणि आहाहा लोक किती हसरे! ते हसू एकच नसतं हे कळायला तिसरी ट्रिप उजाडली. चिआंग माईत एका गोड पोराच्या डोक्यावरून सवयीने हात फिरवला, आपल्याकडे तो आशीर्वाद, तिकडे डोकं म्हणजे शरीरातला सगळ्यात पवित्र भाग, त्याला असा हात लावत नाहीत. त्याची आई हसली, पण कसंनुसं. मग एकाला बसस्टॉप विचारला, त्याने हसत हसत दिशा दाखवली, मी अर्धा तास उन्हात चालले आणि तिथे स्टॉपच नाही!! जाम चिडले. गेस्टहाऊसच्या काकूंना (सगळे त्यांना 'पा' म्हणतात, म्हणजे आपली मोठी मावशीच) सांगितलं तर म्हणाल्या, क्रेंग जाय. त्याला माहीत नव्हतं पण तुला तोंडावर नाही म्हणणं जिवावर आलं. आपल्या भिडेची सख्खी बहीण म्हणा ना, समोरच्याला त्रास नको, त्याचं मन मोडायला नको. खरं सांगू, मला अजूनही वाटतं की सरळ 'माहीत नाही' म्हणाला असता तर माझे पाय वाचले असते.

जाय म्हणजे मन. आपण डोकं थंड ठेवतो, ते मन गार ठेवतात, जाय येन. एकदा तिकीट खिडकीवर मी आवाज चढवला तर आतला माणूस जास्तच हसायला लागला आणि आजूबाजूचे सगळे खाली बघायला लागले, लाज त्यांनाच वाटत होती, माझी.

यावेळी रात्री उशिरा माझ्या नेहमीच्या खाव सॉयवालीकडे (खाव सॉय म्हणजे नारळाच्या दुधातल्या करीतले नूडल्स) गेले, ती भांडी घासत होती. मला बघून हसली, "किन खाव रू यांग?" म्हणजे जेवलीस का. पोटात कावळे ओरडत होते, पण म्हटलं हो, जेवले. रूमवर येऊन सेव्हन इलेव्हनचे कपवाले नूडल्स खाल्ले.