कोतवाल

चैत्रातली दुपार, लाइट गेलेली. ओट्यावर येऊन बसलो तर समोरच्या तारेवर कोतवाल. काळाकुळकुळीत, शेपूट दुभंगलेलं. निंबावर त्याचं घरटं असणार. कारण वरून एक घार नुसती चालली होती, तर हा तिच्या असा पाठीशी लागला की ती थेट बोरी नदीच्या पात्राकडे पळाली. लहान पाखरं म्हणे मुद्दाम याच्याच झाडावर घरटी बांधतात. फुकटचा बंदोबस्त!

या पाखराचं नाव ठेवणाऱ्याने कोतवाल पाहिला असेल तो आमच्या गावचा नक्कीच नव्हे.

आमचा कोतवाल म्हणजे मळका खाकी सदरा आणि गळ्यात हलगी. दवंडी देण्याआधी तो बिडी विझवायचा, उरलेलं थोटूक कानावर खोचायचा, मगच "ऐका हो ऐका". मागून आम्ही पोरं, "कोतवाल उना, कोतवाल उना" (म्हणजे आला) ओरडत. सारा भरा, नाहीतर उद्या ढोरांना टोचायला डॉक्टर येतोय, असलं काहीतरी असायचं. दवंडी नसली की तलाठी आप्पांचं दप्तर वाहायचं, नोटिसा वाटायच्या, साहेब आले की चहा सांगायचा. चावडीत सगळे ओट्यावर, हा मात्र पायरीशी उकिडवा. वर बसलेला मी त्याला कधी पाहिला नाही.

आणि मूळ पद काय, तर कोट्टपाल. कोट सांभाळणारा. संस्कृतातून निघालेला हा गडी फारसी दरबारात जाऊन कोतवाल होऊन आला. 1601 मध्ये असीरगड पडला आणि आपला खानदेश अकबराचा सुभा झाला. त्या अमदानीत शहराचा कोतवाल म्हणजे केवढं प्रस्थ! रात्रीची गस्त त्याची, बाजारातली वजनंमापं तो तपासणार, घराघराची नोंद त्याच्याकडे, कोण पाहुणा उतरला तेही त्याला ठाऊक. 'आईन-इ-अकबरी'त तर असंही आहे की चोर आणि चोरीचा माल सापडला नाही, तर नुकसानीला कोतवालच जबाबदार. (हे कलम आजही असतं तर माझी पाण्याची मोटर परत आली असती.) पेशवाईतल्या पुण्यात घाशीराम कोतवाल इतका माजला की 1791 मध्ये लोकांनी त्याला दगडांनी ठेचला. काशीत तर खुद्द कालभैरव कोतवाल. देवालाही ते पद कमीपणाचं वाटत नाही.

पुढे शहरं पोलिसांकडे गेली आणि कोतवाल घसरत घसरत आमच्या चावडीच्या पायरीशी आला.

आता सरकारने तेही नाव काढून 'महसूल सेवक' केलंय. परवा सातबाऱ्यासाठी गेलो तेव्हा तिथल्या पोराला सहज विचारलं, "आता तुला काय म्हणायचं रे भो?"

कागदांवरची मान वर न करता तो म्हणाला, "काहीबी म्हना तात्या. चतुर्थ श्रेणी कव्हय भेटी, ते सांगा."