निळे ठिपके, केशरी ठिपके

दुपारपासून मन थाऱ्यावर नाही. कारण एवढंसं. फोनमधली कॉलची यादी स्प्रेडशीटमध्ये उतरवली, प्रत्येकाशी किती मिनिटं बोलणं झालं त्याचे स्तंभ काढले आणि नंदापाशी अडकले. मी केलेले कॉल निळे, तिचे केशरी. निळ्यांची रांगच्या रांग. केशरी एखाददुसराच.

म्हणजे नेहमी मीच. हे आधीही कधीतरी वाटून गेलं होतं, पण मनात आलेलं झटकता येतं. रंगात मांडलेलं समोर बसूनच राहतं. बाबांचे स्तंभही आहेत त्याच पानावर. ते आज नको. नंदाचंच खुपतंय. इतक्या वर्षांत तिला आपणहून फोन करावासा वाटू नये?

फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच मांडले होते. चारही संचांची सरासरी जवळपास सारखी, पण आलेख काढले की चार अगदी वेगळी चित्रं. ते आठवलं आणि स्तंभ पुसून टाकले. एका कॉलला एक ठिपका. आडव्या अक्षावर तारखा, उभ्यावर दिवसाचे चोवीस तास. जितकं लांब बोलणं तितका मोठा ठिपका.

मग मिस्ड कॉल दिसले. त्यांची मिनिटं शून्य, आणि शून्याच्या स्तंभाला उंचीच नसते, म्हणून ते आधीच्या चित्रात नव्हतेच. आता पोकळ केशरी वर्तुळं करून टाकले तर रात्री अकराच्या वर त्यांची दाटी झाली. त्या वेळी माझा फोन मूक असतो. माझे निळे ठिपके भर दुपारचे, तिच्या कामाच्या वेळेतले, सगळे बारके. ती करत होती. माझ्या झोपेत करत होती.

तरी पुरतं बरं वाटलेलं नाही. सकाळी तो मिस्ड कॉल बघून मी निळा ठिपका टाकायचा आणि तिने ‘नंतर करते’ म्हणायचं, हे किती दिवस चालायचं? मधला एकच केशरी ठिपका भला मोठा आहे. ती रात्र माझ्या लक्षात आहे. चित्रात फक्त मिनिटं आहेत.

माहितीची चित्रं काढणाऱ्या दोन डिझायनर: जॉर्जिया लुपी न्यूयॉर्कला, स्टेफनी पोसावेक लंडनला. जेमतेम ओळख असताना त्या दोघींनी वर्षभर दर आठवड्याला एकमेकींना पोस्टकार्डं पाठवली, रोजच्या जगण्यातल्या नोंदी हाताने चितारून. कितीदा घड्याळाकडे पाहिलं, इतक्या साध्या गोष्टीसुद्धा. मला ते फार आवडतं. नोंद ठेवायची ती दुसरीने बघावी म्हणून.

कॉल मीच जास्त करणार, ते तसंच राहील. तिला दुपार नाही, मला रात्र नाही. ठिपक्यांचं चित्र तिला पाठवलंय. रविवारी सकाळचा पट्टा दोन्ही रंगांनी कोरा आहे, तिथे फोन करून बघते.