दोन्ही आकडे लिही

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर आलं आणि खरं सांगतो, मला इमारत, घंटा, गॅदरिंग काहीच आधी आठवलं नाही, आठवले ते आपले विज्ञानाचे सर. नाव लिहीत नाही. खिशाला शाईचा डाग अन् सायकलच्या हँडलला पिशवी एवढं म्हटलं की रावेर-यावलकडचा आपला कुठलाही बॅचवाला ओळखेल.

आठवीत सरांनी आम्हाला थेंब मोजायला लावले होते. औषधाच्या बाटलीचे ड्रॉपर, दोन वाट्या, एकीत साधं पाणी आणि दुसऱ्या वाटीत चिमूटभर सुद्धा नाही एवढासाच निरमा. बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेस यायचा नाही, नुसता पांढरा साका तरंगायचा, म्हणून निरमा. एक मिलीत किती थेंब पडतात ते मोजायचं. साध्या पाण्याचे माझे 20 भरले, निरम्याचे 26. बाकावरच्या दोस्ताचे मात्र 33! वाटी तीच, ड्रॉपर तोच. फरक एवढाच की मी धांदरट, भराभर दाबलेलं, आणि तो एकेक थेंब लोंबकळत ठेवून सोडणारा. मी गुपचूप 26 खोडून 33 करायला लागलो तर सर मागेच उभे. वाटलं आता कान पिरगाळतात. तर म्हणाले, "खोडतो कशाला रे भो? दोन्ही आकडे लिही. अन् पुढे लिही, मी घाई केली." बस. कारण काही सांगितलं नाही, त्यांना माहीत होतं की नव्हतं देव जाणे.

मला ते कारण सापडायला बारा-पंधरा वर्षं गेली. जळगावला विद्यापीठात एमएस्सी केलं (तेव्हा त्याला बहिणाबाईंचं नाव नव्हतं), मग पीएचडी, आणि आता पोटच याच्यावर चालतं, साबणासारखे रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर कसे येऊन बसतात याची गणितं कॉम्प्युटरवर सोडवायची. रेणूचं डोकं पाण्याला धरून असतं, शेपटीला पाणी नको असतं, म्हणून सगळे वर गर्दी करतात आणि 25 अंशाला 72 मिलिन्यूटन प्रति मीटर असलेला पृष्ठीय ताण (म्हणजे पाण्याच्या वरच्या थराची ओढ) पार निम्म्यावर येऊ शकतो. ताण कमी की थेंब लहान, थेंब लहान की आकडा जास्त. या गर्दीचं लँगम्युर या शास्त्रज्ञाचं समीकरण धरतं की वर ठरावीक जागा आहेत, एसटीच्या सीटसारख्या, शेजाऱ्याशी काही देणंघेणं नाही. फ्रुमकिनने 1925 साली शेजाऱ्यांची ओढाताणही त्यात घेतली. पण ही झाली गाडी भरल्यानंतरची गोष्ट. भरायला वेळ किती लागतो ते वॉर्ड आणि टोर्डाय यांनी 1946 मध्ये मांडलं. रेणू खालून हळूहळू वर येतात, वर गर्दी झाली की काही परत खाली जातात, म्हणजे ताण हा एक आकडा नसतोच, पृष्ठभाग किती जुना आहे त्यावर तो ठरतो. माझे थेंब कोवळेच पडत होते! (घाईने दाबलं की थेंब तसाही जरा मोठा पडतो, मान्य, पण साध्या पाण्यात आम्हा दोघांत एकाच थेंबाचा फरक होता.)

आमचे आप्पा केळीवर करप्याची फवारणी करताना पंपात स्टिकर (साबणासारखंच एक द्रव) टाकायचे, नाहीतर मेणचट पानावरून पाणी घरंगळून जातं. तिथे तर थेंब पानावर आपटून उडायला काही मिलिसेकंदच लागतात, तेवढ्यात रेणू वर पोचले नाहीत तर औषध जमिनीवर. मीटिंगमध्ये हे समजावताना मी दरवेळी त्या 26 वर येतो, लोक हसतात.

गेल्या दिवाळीत शाळेत डोकावलो होतो. प्रयोगशाळेला कुलूप. शेजारच्या वर्गात भलामोठा स्क्रीन, त्यावर थेंब पडताना दाखवतात, दिसतं छान, पण सगळ्या पोरांचं उत्तर एकच येतं. मला ते काही पटलं नाही, राग आला तर येऊ द्या.

कार्यक्रमाला येताना चार डझन ड्रॉपर आणतोय. सरांना घ्यायला गाडी मी पाठवतो. फक्त त्या खोलीची चावी कुणाकडे असते तेवढं विचारून ठेवा.