आमची वाटचाल : महापे एमआयडीसीतला गाळा

आमच्या गाळ्याच्या एका बाजूला प्लास्टिक मोल्डिंग, दुसऱ्या बाजूला खोक्यांचा कारखाना. मधे आम्ही, पेशी वेगळ्या करणारे. औषध कंपन्या पेशींचा घोळका देतात, आम्ही त्यातल्या एकेक बाजूला काढून वाढवून देतो. हे ऐकून बँकेतले साहेब विचारायचे, "तारण काय?"

सुरुवात पिपेट (थेंब मोजून टाकायची नळी) आणि ९६ वेलच्या, म्हणजे ९६ छोट्या खळग्यांच्या, प्लेटवर झाली. पद्धत जुनी, लिमिटिंग डायल्यूशन. मिश्रण इतकं पातळ करायचं की वेलमागे सरासरी अर्धीच पेशी यावी. मग हिशेबाने साधारण ५८ वेल रिकामे, २९ मध्ये एकच पेशी, आणि ९ मध्ये दोन किंवा जास्त. सगळी डोकेदुखी या नऊंची. पेशी पडलेल्या दर चार वेलांतला जवळपास एक संशयाचा, म्हणून वाढलेला क्लोन, म्हणजे एका पेशीपासून वाढलेला समूह, पुन्हा पातळ करून दुसरी फेरी. सीएचओ पेशी (औषधं बनवायला वापरतात त्या हॅमस्टरच्या पेशी) दुप्पट व्हायलाच जवळपास दिवस घेतात. दोन फेऱ्यांत आठवडे जातात, पगार मात्र महिन्याच्या महिन्याला.

पुढे जुना सॉर्टर, म्हणजे पेशी निवडून वेगळ्या करणारं यंत्र, घेतला. १९६५ मध्ये अमेरिकी संशोधक मॅक फुलवायलर यांनी शाई उडवणाऱ्या प्रिंटरचं तंत्र पेशींना लावलं, त्याच घराण्यातलं यंत्र. धार कंपनाने थेंबांत तुटते, हव्या त्या थेंबावर विद्युतभार बसतो आणि तो वळून वेलमध्ये पडतो. यंत्र आलं की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. मला नाही वाटत. दाबाने पेशी दमते, म्हणून नाजूक पेशींना आम्ही १०० मायक्रॉनचं रुंद, कमी दाबावर चालणारं नोझल लावतो. शिवाय एकटी पडलेली पेशी ताज्या मीडियमपेक्षा (पेशी वाढवायच्या पोषक द्रवापेक्षा) दाट वाढलेल्या पेशींखालून काढलेल्या, गाळून घेतलेल्या मीडियममध्ये बरी तगते.

खरी कमाई पुराव्यात आहे. क्लोन एकाच पेशीपासून वाढला हे नियामकाला पटवावं लागतं, म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येक वेलचा फोटो. वेलच्या कडेच्या सावलीत दुसरी पेशी सहज दडते. प्लेट आधी हलकेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली तर पेशी तळाशी बसून फोटोत स्पष्ट येते. ही पायरी गाळणारे स्वस्तात काम घेतात, आम्ही घेत नाही.

हायब्रिडोमाची (अँटिबॉडी बनवणाऱ्या संकरित पेशींची) छोटी कामं मात्र अजूनही पिपेटनेच करतो. सॉर्टर चालू करायचा खर्च गिऱ्हाइकाच्या माथी कशाला? दर विचारायला फोन येतात, तेव्हा आधी पेशी कुठल्या आणि वाढतात कशा, ते विचारतो. मगच आकडा सांगतो.