अष्टमातला मंगळ

रात्रीचे पावणेदोन झाले. झोप नाही.

काल जेवताना सई म्हणाली, "मावशी, मंगळावर कायमचं राहायला मिळालं ना, तर मी जाईन." मी विचारलं, परत येता येणार नसलं तरी? "तरी." आणि भातावर आमटी वाढून घेतली. अर्धा क्षणसुद्धा थांबली नाही.

तेच बोचतंय. जाईन म्हणाली याचं नाही. थांबली नाही याचं.

मला अष्टमात मंगळ आहे हे तिला ताईनं सांगितलेलं असणार. तिसऱ्यांदा पत्रिका परत आली त्या संध्याकाळी आबा जेवले नव्हते. ते जाऊ दे. पण ज्या ग्रहापायी मला कुणी घरात घेतलं नाही, तिथंच ही पोर घर करायला निघाली आणि मी इथं या दोन खोल्यांत... हेही जाऊ दे.

वही घेऊन बसले. तिथली हवा आपल्या हवेच्या १ टक्क्याहूनही विरळ, आणि तीही ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. मातीत परक्लोरेट नावाचं रसायन आहे, २००८ मध्ये फिनिक्स यानाला सापडलं. ते थायरॉईडला वाईट, आणि सई रोज उठून थायरॉईडची गोळी घेते. यान निघायचा योग साधारण २६ महिन्यांतून एकदा, म्हणजे घरी काही झालं तरी ती येऊ शकणार नाही. इथून बोललेलं तिथं पोचायला ३ ते २२ मिनिटं, उत्तर यायला पुन्हा तेवढीच.

सगळ्यात जास्त वेळ ॲरिझोनातल्या 'बायोस्फीअर २'पाशी अडकले. १९९१ मध्ये आठ माणसं दोन वर्षांसाठी तिथल्या बंद काचघरात राहायला गेली. शेत, झाडं, पाणी, सगळं आतच. सोळा महिन्यांत आतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १५ च्याही खाली आला. माणसं थकून गेली, शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. कारण वाचलं आणि वही मिटून ठेवली. पिकं नीट यावीत म्हणून माती फार कसदार घातली होती. तिच्यातल्या जिवाणूंनीच ऑक्सिजन संपवला, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळायच्या आत काँक्रीटनं शोषून घेतला. कुणी उपाशी राहू नये म्हणून घातलेली माती! ती घालणाऱ्याला काय वाटलं असेल?

पुन्हा वही उघडली तेव्हा पानाच्या माथ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं दिसलं: दोष. कधी लिहिलं आठवत नाही. खाली दीड पान भरलेलं. त्या तीन घरांतल्या माणसांनी जे केलं तेच मी रात्रभर करत होते. जुळत नाही, जुळत नाही.

मग मागच्या पानावर दुसरं लिहायला घेतलं. मंगळावर फिरणाऱ्या पर्सिव्हिअरन्स गाडीतल्या 'मॉक्सी' या यंत्रानं २०२१ ते २०२३ मध्ये सोळा वेळा मिळून १२२ ग्रॅम ऑक्सिजन केला. लहानशा कुत्र्याला दहा तास पुरेल एवढाच. पण तो मंगळाच्याच हवेतून काढलाय. ह्यूस्टनला चार जण मंगळावरच्यासारख्या बंद घरात ३७८ दिवस राहिले, आत भाज्याही लावल्या, आणि २०२४ च्या जुलैत सुखरूप बाहेर आले. हे वाचताना खरंच बरं वाटलं.

माझ्या डोळ्यांदेखत तिथं वस्ती होईल असं मला वाटत नाही. एखादी तुकडी जाऊन परत येईल, तीही सईचे केस पिकता पिकता. म्हणजे मी भांडत होते ते तिच्या जाण्याशी नव्हतंच.

आत्ता तिला लिहिलं, "जायला मिळालं तर जा. पण तू पटकन म्हणालीस ते मला लागलं. मला फार आठवण येईल तुझी."

दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे तीही जागीच आहे. उत्तर अजून नाही.

थांबतेय.